रेघ खात नव्हती

वृंदावहिनी पहिल्यांदा तळघरात उतरली तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात वळवळणारं गांडूळ. ती शेवटच्या पायरीवरच थबकली. अंगावर शाल, नाकातोंडावर ओढणीचं टोक. माझ्यासमोरच्या काचेच्या पेटीत सापाची तीन पिल्लं होती. पेन्सिलीएवढी जाड, काळपट, पाठीवर पिवळ्या उभ्या रेघा.

"मला वाटलं, तू चेष्टा करत होतीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, यांचं काही भय नसतं, इथे लोकांच्या अंगणातसुद्धा सापडतात. गार्टर स्नेक म्हणतात.

तिनं मागे वळून वर पाहिलं. दादानं नुकतीच फोडणी टाकली होती आणि तिचा वास जिन्यावरून खाली येत होता. वहिनीच्या पोटात ढवळून आलेलं तिच्या गळ्यावरून कळलं. वर जायचं की खाली यायचं, हे ठरवायला तिला थोडा वेळ लागला.

"ती बाहेर येत नाहीत ना?" एवढं विचारून ती पेटीपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.

ही कॅनडातल्या विनिपेगमधली गोष्ट. मी तिथे स्थापत्य अभियांत्रिकीचं पुढचं शिक्षण घेत होते आणि दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या, सारंगच्या घरी राहायला आले होते. साप मुळात माझे नव्हते. माझ्या वर्गातला डॅनिएल दुसऱ्या प्रांतात नोकरीला गेला, तिथे पाळीव प्राणी चालणार नव्हते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. दादानं एकाच अटीवर परवानगी दिली, पेटी तळघरात राहील आणि झाकणाला चाप असतील.

वहिनीला दिवस गेले होते. दिवाळीनंतर सुरू झालेल्या उलट्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, एकदोनदा सलाईनही लावून झालं होतं. सगळे सांगत, चौथा महिना लागला की आपोआप थांबेल. मिरजेहून तिची आई फोनवर तेच सांगे, दादाही तेच धरून होता. तिच्या पोटात ठरायचं ते गार झालेला पांढरा भात, वर थोडं मीठ, आणि साखरेचं पाणी. व्हिटॅमिनच्या गोळ्या पाहिल्या तरी तिला उमळून यायचं, म्हणून त्या कपाटात गेल्या. तळघरात मात्र स्वयंपाकाचा वास येत नव्हता. गार, अंधारं, शांत. त्यामुळे ती रोज खाली येऊ लागली.

तोवर आमचं फारसं जमलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलण्यासारखंही काही नव्हतं. लग्नाआधी ती मिरजेला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. इथे आल्यापासून बर्फ आणि घर, एवढंच. मी सकाळी विद्यापीठात जायचे, संध्याकाळी यायचे, ती "जेवलीस का?" विचारायची, मी "हो" म्हणायचे. सापांनी आम्हाला एका खोलीत बसवलं.

पिल्लं खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ होती. डॅनिएलनं सांगून ठेवलं होतं, एकाच गोष्टीवर ठेवू नकोस. गांडूळ, मासा आणि जरा मोठी झाली की उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं, असं आलटून पालटून दे. उंदराचं नाव काढल्यावर वहिनी म्हणाली, ते मी वर गेल्यावर कर. गांडुळांकडे मात्र ती हळूहळू ओढली गेली. आधी लांबून सूचना करू लागली. तू फार घाई करतेस, चिमटा त्याच्या तोंडावर नेऊ नकोस, बाजूनं ने, त्याला वाटू दे की त्यानंच शोधलंय. मग एके दिवशी तिनं हात पुढे केला आणि चिमटा माझ्याकडून काढून घेतला.

शिकवण्याची सवय असलेली माणसं काही वेगळीच असतात. ती श्वाससुद्धा जपून घेत होती. गांडूळ कागदावर ठेवून तिनं बोटानं काचेवर हलकेच टकटक केलं आणि हात मागे घेऊन थांबली. पिल्लानं जीभ काढली, मान फिरवली आणि झडप घातली. वहिनी खुर्चीतून जवळजवळ उठली. मग माझ्याकडे पाहून हसली. मी तिला असं हसताना त्या घरात प्रथमच पाहत होते.

तिनंच त्यांना नावं दिली. शेंग, नाडी आणि रेघ. शेंग आणि नाडी तिच्या हातून मुकाट्यानं खायच्या. रेघ सगळ्यांत बारीक, आणि तिला गांडूळ अजिबात नको असायचं. समोर धरलं की मान फिरवायची. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आमिष म्हणून गोठवलेले बोटभर मासे मिळत, तेवढेच ती खायची. तेही एका विशिष्ट जातीचे. ते मी वितळवून द्यायचे, वहिनी तेव्हा ओढणी नाकाला लावून पाठ करून बसायची. ती म्हणायची, हिच्या मनासारखंच देत राहिलो तर ही कधीच दुसरं खाणार नाही. गांडुळाला माशाचा वास लावून बघूया. आम्ही ते करून पाहिलं. रेघेनं वास घेतला, गांडूळ तोंडात धरलं आणि टाकून दिलं.

"माझ्यासारखीच आहे," वहिनी म्हणाली. "पोट नाही म्हणतं, त्याला कोण काय करणार?"

त्या दुपारी बाहेर बर्फ पडत होतं. तळघराची खिडकी जमिनीलगत होती, ती अर्धी झाकली गेली होती. वहिनी काचेला बोट लावून रेघेकडे पाहत होती. तसंच पाहत ती अगदी सरळ आवाजात बोलली.

"गार्गी, मी इथे राहणार नाहीये. बाळ झालं की मी मिरजेला जाणार. शाळेत."

मी विचारलं, दादाशी काही झालंय का?

"नाही. सारंग वाईट नाही. पण माझे हात बघ." तिनं दोन्ही हात पुढे धरले. "या हातांनी मी दिवसभर बोलायचे. इथे आल्यापासून ते भांडी घासतात आणि खिशात राहतात. मी खूप विचार केलाय. त्याला मी सांगणार आहे, माझं मीच. तू सांगू नकोस."

मी मान डोलावली. मग तिनं मला काही खुणा शिकवल्या. पाणी. शाळा. भूक. साप ही खूण तिनं स्वतः आनंदानं केली, हात कोपरापासून नागमोडी नेत. त्यानंतर ती रोज काहीतरी सांगायची. मुलांविषयी, तिथल्या घंटेविषयी. ऐकू येत नसल्यानं त्या शाळेत घंटा वाजत नाही, प्रत्येक वर्गात लाल दिवा लुकलुकतो. मला बहीण नाही. त्या दिवसांत मला वाटू लागलं होतं की आता आहे.

जानेवारीत रेघ बिघडली. आधी ती सरपटताना डुलू लागली, मान एका बाजूला कलायची. वहिनीनं मला विद्यापीठात फोन केला. मी घरी पोचले तेव्हा रेघ उलटी पडली होती, पांढुरकं पोट वर, आणि अंगाला पीळ पडत होते, ओला कपडा पिळावा तसे. वहिनी पेटीशी गुडघ्यावर बसली होती. ती पुन्हा पुन्हा तिला सरळ करत होती आणि रेघ पुन्हा उलटी होत होती.

आम्ही तिला चपलेच्या खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हिला काय घालता? मी माशाचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, फक्त तोच? मी हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. काही जातींच्या माशांत एक द्रव्य असतं, ते शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व नष्ट करतं. थायमिन म्हणतात त्याला. ते संपलं की मेंदू आणि नसा चालेनाशा होतात. आधी तोल जातो, मग झटके येतात.

"पोट भरलेलं असतं," त्या म्हणाल्या, "म्हणून उपासमार चाललीय हे कुणाच्या लक्षात येत नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं. फार उशीर झालाय हेही सांगितलं. परतताना गाडीतच रेघ निपचित झाली.

जमीन दगडासारखी गोठली होती, पुरायला जागा नव्हती. गॅरेजमध्ये वाळलेल्या रोपाची एक मोठी कुंडी होती. मी खुरप्यानं माती उकरली, वहिनीनं रेघेला कागदात गुंडाळून आत ठेवलं. ती भिंतीला हात लावून उभी होती. मी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, जमीन जरा हलल्यासारखी वाटते, सकाळपासून पाणीही ठरलं नाही. त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. तिचं तसं रोजच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी उशिरा उठले. तळघरातून हालचाल ऐकू आली म्हणून खाली गेले. वहिनी पेटीसमोर बसली होती, हातात चिमटा. माझी चाहूल लागताच तिनं वळून पाहिलं. चेहरा खुलला होता.

"आज खाल्लं तिनं," ती म्हणाली. "गांडूळ. अख्खं."

मी विचारलं, कुणी?

"रेघेनं. मी म्हटलं नव्हतं, धीर धर म्हणून?"

मला आधी वाटलं, ती चेष्टा करतेय. मग वाटलं, दुःखानं तसं बोलतेय. मी पेटीत पाहिलं. शेंग आणि नाडी एका कोपऱ्यात वेटोळं करून पडल्या होत्या. रिकाम्या कोपऱ्यात, जिथे रेघ असायची, तिथे कागदावर एक गांडूळ तसंच वळवळत होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "रेघ काल गेली. आपण दोघींनी तिला कुंडीत ठेवलं."

ती माझ्याकडे समजूतदारपणे पाहत राहिली, चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावं तशी. आणि तेव्हा मला तिचे डोळे दिसले. ते स्थिर नव्हते. बुबुळं कडेला सरकत होती, झटक्यानं परत येत होती, पुन्हा सरकत होती. तिला ते कळतही नव्हतं.

ती उठायला गेली. पाय फाकवून, बोटीत उभं राहावं तशी उभी राहिली, एक पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर कलंडली. तिचं वजन मला जाणवलंच नाही. शालीत माणूस आहे की नुसती शाल, असा भास झाला. आदल्या दिवशी ऐकलेली सगळी वाक्यं माझ्या डोक्यात एकदम उभी राहिली. आधी तोल जातो. पोट भरलेलं असतं. पांढरा भात, साखरेचं पाणी, आणि तेही उलटून पडणारं. मी दादाला हाक मारली. तिला धरूनच मी खाली बसले आणि पुन्हा हाक मारली.

रुग्णालयात तिला लगेच आत घेतलं. दादा कागदावर सह्या करत होता. नर्सनं सांगितलं, अंगातलं पाणी फार कमी झालंय, साखरेचं सलाईन लावतो. ती पिशवी टांगत असताना तरुण डॉक्टर आली. मी तिला म्हटलं, एक सांगायचंय, तुम्हाला विचित्र वाटेल. माझा साप काल थायमिन कमी पडून मेला. त्याचंही असंच झालं होतं.

दादानं माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्याला वाटलं, भीतीनं माझं डोकं फिरलंय.

डॉक्टर हसली नाही. तिनं विचारलं, या गेले काही आठवडे काय खातायत? दादा म्हणाला, भात. साखरेचं पाणी. व्हिटॅमिनच्या गोळ्या? तो म्हणाला, त्या राहत नव्हत्या पोटात. डॉक्टरनं वहिनीच्या चेहऱ्यासमोर बोट धरून इकडून तिकडे नेलं. वहिनीचे डोळे अडखळत मागे गेले आणि मध्येच थांबले. डॉक्टरनं नर्सच्या हाताला स्पर्श केला.

"ते थांबवा. आधी थायमिन. शिरेतून, आत्ताच."

नंतर तिनं बाहेर येऊन आम्हाला सगळं समजावलं. दारूचं व्यसन असलेल्यांत हे दिसतं, गरोदरपणातल्या अशा उलट्यांनीही होतं, पण फार कमी. अशा अवस्थेत आधी साखर दिली असती तर शिल्लक थायमिनही वापरलं जाऊन जास्तच बिघडलं असतं. मी विचारलं, मी बोलले नसते तर? ती म्हणाली, डोळे पाहिल्यावर मीही तिथवर आलेच असते, पण थोड्या वेळानं. त्या थोड्या वेळात काय झालं असतं, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

आत वहिनी छताकडे पाहत विचारत होती, "दिवा लागला का? मुलं बाहेर उभी असतील."

डोळे लवकर स्थिरावले. चालणं महिनोन्‌महिने सुधारत राहिलं, आधी लोखंडी आधार नाहीतर दादाचा हात धरून, मग काठी घेऊन. उलट्या थांबल्या. उन्हाळ्यात जुई झाली, थोडी आधी, पण धडधाकट. लोक म्हणत, केवढ्या मोठ्या संकटातून निभावलं. खरंच निभावलं होतं.

पण ती रुग्णालयातून घरी आली त्या दिवशीचं मी बाहेर कुणाला सांगितलं नाही. दुपारी मी तळघरात सापांना खायला घालत होते. ती दादाचा हात धरून, घर बघत बघत खाली आली. पेटी दिसली आणि ती किंचाळली. दादाच्या मागे लपली, त्याचा शर्ट मुठीत धरला.

"हे कुणी आणलं घरात?"

दादा हसत म्हणाला, अगं, तूच तर यांना खायला घालायचीस. ती त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. आम्ही दोघं मिळून तिची थट्टा करतोय, असं तिला वाटलं. तिला दिवाळी आठवत होती, रुग्णालयातले शेवटचे दिवस आठवत होते. मधलं काहीच नाही. शेंग नाही, नाडी नाही, रेघ नाही. आणि मीही नाही. तिच्यासाठी मी पुन्हा ती नणंद झाले होते, जिला संध्याकाळी "जेवलीस का?" विचारायचं. डॉक्टरांनी सांगितलं, काही परत येईल, काही येणार नाही.

मी दोन्ही साप एका शाळेच्या निसर्गकेंद्राला देऊन टाकले. आणि वाट पाहिली.

पुढचं वर्ष असंच गेलं. दादा बदलला होता. रजा काढून घरी राहायचा, दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा, जुईला रात्रंदिवस सांभाळायचा. वहिनी जपून चालायची, जुईला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. मिरजेचा विषय तिनं कधीच काढला नाही. तिनं तो विचार मनातून काढून टाकला होता, की तो विचार तिच्या मनातून कुणी काढून नेला होता, हे मला कळायला मार्ग नव्हता. ती सुखात असेल तर मी कोण सांगणारी? आणि नसेल तर? तिच्या आयुष्याचा एक निर्णय माझ्यापाशी पडून होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मला कॅल्गरीला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी जुईची गाडी ढकलत नदीकाठी गेलो. तिथे बाकावर बसल्यावर मी तिला सांगितलं. तिचे शब्द जेवढे आठवत होते तेवढे, तसेच्या तसे. हात पुढे धरून ती जे म्हणाली होती, तेही.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. परक्या माणसानं आपल्या घरातलं कपाट उघडून दाखवावं तशी ती माझ्याकडे पाहत होती.

"मी असं म्हणाले?"

"हो."

"सारंगला सांगितलंस?"

"नाही. तूच नको म्हणाली होतीस."

तिनं जुईच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. मग विचारलं, "तेव्हा मी शहाणी होते, की आजारी?"

याच प्रश्नाची मला वर्षभर भीती वाटत होती. मी खरं ते सांगितलं. मला माहीत नाही. आजार कधी सुरू झाला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण त्या दुपारी तू मला खुणा शिकवल्यास आणि त्यातली एकही चुकली नव्हती. मी नंतर पडताळून पाहिल्या.

तिनं मान डोलावली.

संध्याकाळी दादानं पानं घेतली. वहिनी जुईला भरवत होती. चमचा तसाच हातात धरून ती म्हणाली, "सारंग, मला मिरजेला जायचंय. शाळेत शिकवायला."

दादाचा हात भातावरच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, किती दिवसांसाठी?

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली.

ती गेली. जुईला घेऊन गेली. दादा तिथे दोन हिवाळे एकटा राहिला, मग घर विकून तोही गेला. सोपं गेलं नाही त्यांना. मधे एक काळ असा होता की ते दोघं फक्त जुईसाठी फोनवर बोलत. आज ते एकत्र आहेत, शाळेमागच्या गल्लीत राहतात. जुई तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली.

गेल्या वर्षी मी मिरजेला गेले होते. वहिनी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मुलांना रागवत होती, दोन्ही हातांनी, भराभर, आणि मुलं हसत होती. ती मोकळी झाल्यावर मी इतक्या वर्षांनी तिला विचारलं, तेव्हाचं काही आठवलं का तुला? तळघर, ती दुपार?

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. अजूनही नाही."

मग कशाच्या भरवशावर एवढं घर सोडून आलीस, असं मी विचारलं.



"तू सांगत होतीस ना बाकावर," ती म्हणाली, "ते मला नवीन वाटलं नाही. एवढंच."